दार ढकलून बघणारे सर

सरांना बसलेलं मी तीन वर्षांत दोनदा पाहिलं. एकदा खुर्चीत, एकदा जमिनीवर. जमिनीवर बसले त्या दिवसानंतर ते आमच्या ऑफिसात परत आले नाहीत, म्हणून हिशेब तिथेच थांबला. बाकी सगळा काळ हा माणूस उभा होता, नाहीतर चालत होता.

ऑफिस म्हणजे शहाद्यातल्या एका पाइप आणि ठिबकच्या दुकानावरची खोली. माझ्यासाठी एक टेबल होतं. सरांनी स्वतःसाठी बंद पडलेल्या कापड दुकानातला लाकडी काउंटर विकत आणला होता, छातीपर्यंत उंच. त्यावर लॅपटॉप ठेवून ते उभ्याउभ्या काम करायचे, आणि दर पाच मिनिटांनी खिडकीपर्यंत जाऊन परत यायचे. खाली दुकानाचे मालक शेठ गादीवर बसलेले असत. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आलेले, पण शेठ चिडले की अजून हिंदीतच चिडायचे. छताची माती पडायला लागली की जिन्यातून त्यांचा आवाज येई, "मास्तरजी, थोडा बैठ भी जाया करो. मेरा हिसाब का कागज सफेद हो जाता है."

"शेठ, मी बठस नही," सर वरून म्हणायचे, आणि पुन्हा चालू लागायचे.

आमचं काम काय, हे माझ्या आईला मी आजवर धड सांगू शकलेले नाही. दुसऱ्यांनी लिहिलेलं सॉफ्टवेअर आम्ही तपासायचो. पुण्यातले सरांचे एक ओळखीचे गृहस्थ कामं पाठवायचे. त्या सॉफ्टवेअरचा सोर्स कोड, म्हणजे ज्या ओळींवर ते चालतं त्या हजारो ओळी, आम्ही वाचायच्या आणि त्यात चोराला शिरायला फट कुठे आहे ते शोधून कळवायचं. दुसऱ्याचा कोड उघडण्याआधी सर चपला काढायचे. मी पहिल्या आठवड्यात हसले होते. ते म्हणाले, "दुसराना घरमा जाई ऱ्हायनूत ना आपुन." मी पुढे कधी हसले नाही, पण मी चपलाही कधी काढल्या नाहीत.

सर माझ्याशी अहिराणीत बोलायचे आणि मी त्यांच्याशी शाळेतल्यासारखी मराठीत. तसं कोणी ठरवलं नव्हतं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी खडूचा तुकडा असायचा, आणि खडू खिशात असलेल्या माणसाशी माझं तोंड आपोआप पुस्तकी होतं.

दारं ढकलून बघण्याची त्यांना खोड होती. एसटी स्टँडवर, देवळात, लग्नाच्या हॉलमध्ये, जिथे बंद दार दिसेल तिथे हात लावून बघायचं. कोड तपासतानाही तेच. "दार लोटी दखं का?" हा त्यांचा दिवसातून वीस वेळा विचारला जाणारा प्रश्न. फट सापडली असं मी सांगितलं की आधी हा प्रश्न, मग पाठोपाठ तीन, ठरलेल्या चालीत: "कोन यी? कथाईन यी? काय लई जाई?" कोण येईल, कुठून येईल, काय घेऊन जाईल. तिन्हींची उत्तरं देता आली नाहीत तर माझी फट म्हणजे नुसती शंका.

माझ्या साखरपुड्याला ते आले, तेव्हा पाकीट हातात द्यायच्या आधी मागच्या दाराची कडी हलवून आले. सासूबाईंनी मला हळूच विचारलं की हे पोलिसात आहेत का. मी म्हटलं, नाही, माझे साहेब आहेत. त्यांना ते पोलिसापेक्षा जास्त काळजीचं वाटलं असावं. आणि या माणसाच्या स्वतःच्या घराला कुलूप नव्हतं. आत एक बाज, थोडी पुस्तकं आणि एक पत्र्याची पेटी. "काय लई जाई?" असं स्वतःलाच विचारून त्यांनी कुलपाचा विषय संपवला होता.

भाषेची मॉडेलं, म्हणजे माणसासारखं वाचून उत्तर लिहिणारी यंत्रं, कोडही वाचायला लागली, तेव्हा मला नोकरीची काळजी लागली. आम्ही दोघं आठवडा घालवायचो ते काम ते यंत्र चहा पिऊन होईपर्यंत करणार, मग मला कोण ठेवून घेईल? सर मात्र लहान मुलासारखे खूश. पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला अहिराणीत लिहिलं, "भाऊ, हाई फाईल वाची दख, कोठे फट शे ते सांग." मॉडेलनं अर्धं मराठी, अर्धं गुजराती अशा भाषेत उत्तर दिलं. सर म्हणाले, सुरतला जाऊन आलेलं दिसतंय.

मग त्यांनी त्याची परीक्षा घ्यायचं ठरवलं. शेजारच्या गावातल्या एका जिनिंगसाठी त्यांनी स्वतः लिहिलेलं गेटपासचं सॉफ्टवेअर होतं, कापसाच्या गाड्या आत-बाहेर नोंदवायचं. त्या कोडमध्ये त्यांनी मुद्दाम दोन फटी ठेवल्या आणि तो मॉडेलपुढे टाकला. हात मागे बांधून फेऱ्या मारत राहिले, पेपर चालू असताना मास्तर वर्गात फिरतात तसे. मॉडेलनं दोन्ही फटी सांगितल्या. खाली तिसरी सांगितली. गाडीचा नंबर लिहायच्या चौकटीत कोणी नंबराऐवजी चार शब्दांची आज्ञा लिहिली, तर सगळ्या गाड्यांची यादी बाहेर येत होती. ती फट सरांनी ठेवलेली नव्हती. सहा वर्षं ती तशीच होती.

सरांनी दार लोटून पाहिलं. उघडलं. मग ते माझ्या टेबलासमोरच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसले. मी घाबरले, पाणी आणलं. शेठनीही खालून विचारलं, "मास्तरजी गये क्या?" कारण पावलांचा आवाज थांबला होता. बऱ्याच वेळानं सर उठले आणि त्यांनी टाईप केलं, "तुम्हनं बरोबर शे." त्या दिवसापासून त्यांनी मॉडेलला अहो-जाहो सुरू केलं. मला अरे-तुरे आणि त्याला अहो. मी एकदा चिडून हे बोलूनही दाखवलं. "ज्यासनी माले शिकाडं, त्यासले मी अहो म्हणसू," ते म्हणाले. ज्यांनी शिकवलं त्यांना अहो म्हणेन. म्हणजे मी काहीच शिकवलं नव्हतं, हे ओघानं आलंच.

पण आदर वेगळा आणि नियम वेगळा. मॉडेलला सगळीकडे संशय यायचा. एका सॉफ्टवेअरमध्ये ते चाळीस-पन्नास ठिकाणं दाखवायचं, त्यातली निम्मी फुसकी. सरांनी भिंतीला एक जुना फळा लावला होता. मॉडेलनं दाखवलेली प्रत्येक जागा त्यावर खडूनं लिहायची, शेजारी मॉडेलचं मत, धोका जास्त की कमी, आणि शेवटच्या रकान्यात आम्ही स्वतः दार ढकललं का, उघडलं का. हा रकाना भरल्याशिवाय रिपोर्ट जाणार नाही. मी वैतागायचे. पन्नास दारं ढकलून माझ्या बोटांना काही होत नव्हतं, पण डोकं आंबून जायचं. सर फळ्यापाशी उभे राहून खडू फिरवत म्हणायचे, "उघडं तं शे, नही उघडं तं नही." हा नियम आमच्या दोघांच्याही गळ्याशी येईल, असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सरांच्या आधीच्या आयुष्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की ते वर धडगावकडे एका आश्रमशाळेत पंधरा वर्षं गुरुजी होते. पेन्शनची नोकरी मध्येच सोडून खाली आले, चाळिशीत कॉम्प्युटर शिकले. का सोडली, याच्या शहाद्यात चार गोष्टी सांगितल्या जायच्या, चारही वेगवेगळ्या. मी एकदा सरळच विचारलं. ते खिडकीकडे चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "तठे मी भलती घाई करी." मला वाटलं, नोकरी सोडण्यात घाई केली असं म्हणतायत.

त्या वर्षी उन्हाळ्यात पुण्याहून एक काम आलं. आपल्याच जिल्ह्यातल्या एका संस्थेचं होतं म्हणून मला विशेष वाटलं. संस्थेची नर्सिंगची शाळा होती, सोबत मुलींचं वसतिगृह. प्रवेशाचे अर्ज पहिल्यांदाच ऑनलाइन भरून घ्यायचे होते. ते सॉफ्टवेअर आम्ही तपासून सुरक्षित आहे असं लिहून द्यायचं होतं. मॉडेलनं नेहमीप्रमाणे भरपूर जागा दाखवल्या, आम्ही एकेक ढकलत गेलो. शेवटून तिसरी जागा पासवर्ड विसरलेल्या मुलींसाठीची होती.

डोंगरात मोबाइल घराघरात नसतो. असला तर बाप मजुरीला गुजरातेत जाताना तो घेऊन जातो. त्यामुळे मोबाइलवर नंबर पाठवून ओळख पटवायची सोय नव्हती. त्याऐवजी मुलीनं नाव, आडनाव, तालुका आणि जन्मतारीख लिहायची. चारही जुळलं की नवा पासवर्ड समोर पडद्यावर. एकीपेक्षा जास्त मुली जुळल्या, तर यादीत पहिली सापडेल तिचा अर्ज उघडायचा. मॉडेलनं लिहिलं होतं की चारही गोष्टी परक्या माणसाला एकाच वेळी जुळवता येणं अवघड आहे, सबब धोका कमी.

मी ढकलून पाहिलं. चाचणीसाठी पुणेकरांनी दोन हजार खोट्या मुलींची यादी दिली होती. मी दहा-बारा वेळा प्रयत्न केला. नाव सारखं निघायचं, आडनावही निघायचं, पण जन्मतारखेला येऊन दार अडायचं. प्रत्येक वेळी एकच मुलगी जुळायची, तीच जिची माहिती मी भरली होती.

सर फळ्यापाशी आले, ती ओळ वाचली आणि त्यांच्या फेऱ्या वाढल्या.

"हाई कमी नही. जास्ती लिख," ते म्हणाले.

"का पण? मी ढकललं सर. उघडलं नाही."

"त्या तारखा खऱ्या नहीत."

"खऱ्या कशा असतील? चाचणीच्या आहेत."

"मी सांगस ना तुले. जास्ती लिख."

"सर, तुमचाच नियम आहे. उघडलं तर आहे, नाही उघडलं तर नाही. तुम्ही ढकलून दाखवा, मी लिहिते."

मग खडू खिशात टाकून ते जिना उतरून चहाला गेले. पुण्याहून दोनदा फोन येऊन गेला होता. मी अर्धा तास वाट पाहिली, फळ्यावर "कमी" लिहिलं आणि रिपोर्ट पाठवून दिला. खरं सांगायचं तर मला थोडा आनंदही झाला. तीन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्याच नियमात धरलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा पाहिला. रागावले नाहीत. दिवसभर चालत राहिले, इतके की दुपारी शेठ स्वतः वर आले आणि मला विचारलं, "क्या हुआ है इनको?" मी म्हटलं, काही नाही, नेहमीचंच. ती ओळ तशीच फळ्यावर राहिली. सर बाकी सगळा फळा पुसायचे, ती ओळ सोडून.

जुलैत एका बुधवारी नर्सिंगच्या शाळेतून मॅडमचा फोन आला. धडगाव तालुक्यातली एक मुलगी पत्र्याची पेटी घेऊन दारात आली होती. यादीत तिचं नाव होतं, प्रवेश मिळाला होता. पण अर्ज उघडला तर फोटो दुसऱ्याच मुलीचा आणि गुणपत्रिकाही दुसरीची. मुलगी म्हणत होती की अर्ज माझाच आहे, मीच भरलाय. शनिवारी प्रवेश बंद होणार होते. मुलगी पेटीवर बसून होती आणि जागेवरून हलायला तयार नव्हती.

मी नोंदी उघडल्या. कोणी, कधी, काय केलं ते सगळं तिथे लिहिलेलं असतं. जूनच्या शेवटी, भर दुपारी, धडगावच्या फॉर्म भरायच्या दुकानातून कुणीतरी पासवर्ड विसरला म्हणून कळवलं होतं. नाव, आडनाव, तालुका, जन्मतारीख. चारही जुळलं होतं. दोन मुली जुळल्या होत्या, आणि सॉफ्टवेअरनं पहिलीचा अर्ज दुसरीच्या हातात दिला होता. चोर नव्हताच कोणी. त्या दुसरीला पडद्यावर स्वतःचं नाव दिसलं, स्वतःची तारीख दिसली, आणि कागद दुसरीचे दिसले म्हणून दुकानदाराची चूक समजून तिनं आपले लावले.

"सर," मी म्हटलं, "दोघींची जन्मतारीख सालासकट एकच आहे. एक जून."

बोलता बोलताच मला घर आठवलं. माझ्या वडिलांची कागदावरची तारीख एक जून आहे. दोन्ही काकांची एक जून आहे. आमच्या घरी यावरून दर वर्षी चेष्टा होते. पूर्वी शाळा उघडायची जूनमध्ये, जन्माची नोंद कुठे नसायची, आणि सहा वर्षं पूर्ण दिसायला हवीत म्हणून गुरुजी सरसकट एक जून लिहून मोकळे व्हायचे. खाली सपाटीवर ते आता थांबलंय. वर डोंगरात अगदी कालपरवापर्यंत चालू होतं. पुण्याच्या खोट्या यादीत तारखा बारा महिन्यांवर पसरलेल्या होत्या, म्हणून माझ्या हातून ते दार उघडलं नाही. खऱ्या यादीत अर्ध्या तालुक्याला एकच किल्ली होती. हे मला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं, आणि मी एक मिनिट थांबून विचार केला नाही. मला माझी लाज वाटली, आणि लगेच सरांचा रागही आला. त्यांना कळलं होतं तर एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

सर खिडकीपाशी उभे होते. पाठमोरेच म्हणाले, "नाव बी एकच शे ना? सुनीता?"

मी नाव सांगितलं नव्हतं.

"त्या दोन्हीसनं नाव मीच ठेयेल शे," ते म्हणाले. "तारीख बी मीच लिखेल शे."

मग ते काउंटरपाशी आले, चपला काढल्या आणि मॉडेलला एक ओळ लिहिली की या तालुक्यात बहुतेकांची जन्मतारीख एक जून असते. मॉडेलनं तत्काळ धोका कमीचा जास्त केला, कारणं दिली, आधीच्या मताबद्दल माफी मागितली. ते वाचून मी काहीतरी कडवट बोलले. सरांनी मान हलवली. "त्यासनी चूक नही. त्यासले कोनी सांगंच नही. तुले बी मी सांगं नही." चपला घालता घालता म्हणाले, "सकाय वर जानं शे. तू येस का?"

जाणं भागच होतं. दुसऱ्या सुनीतानं हा अर्ज आपला नाही असं लिहून दिलं, तरच शनिवारच्या आत पहिलीची जागा तिला परत मिळणार होती, आणि तिच्या पाड्यावर फोन लागत नव्हता. गुरुवारी सकाळी मॅडमनी त्या मुलीला आमच्याकडे पाठवलं आणि तिला घेऊन आम्ही निघालो. तिची पेटी शेठच्या दुकानात ठेवली. शेठनी मुलीला चहा-बिस्किटं दिली आणि पेटीवर आपल्या हातानं चिठ्ठी चिकटवली, कोणी हात लावू नये म्हणून.

म्हसावद मागे पडलं आणि घाट सुरू झाला. मी आणि ती मुलगी जीपमध्ये मधल्या बाकावर कोंबलेल्या. सर मागच्या पायरीवर, दांडीला धरून उभे. आत जागा होती, ड्रायव्हरनं दोनदा बोलावलं, पण ते आले नाहीत. अर्ध्या घाटात इंजिन गार करायला जीप थांबली, तेव्हा ते रस्त्याच्या कडेनं येरझाऱ्या घालत बोलले. मला वाटतं, चालता येत होतं म्हणूनच बोलू शकले.

जून लागला की पट भरायचा हुकूम यायचा. ते पाड्यापाड्यावर जायचे, एका दिवसात वीस-तीस पोरं नोंदवायचे. घरातली नावं त्यांच्या कानाला अवघड वाटायची. मग त्यांनी सोपी दहा नावं ठरवून टाकली, सुनीता, अनिता, कविता अशी, आणि ती ओळीनं वाटत जायचे. दहा संपली की पुन्हा पहिल्यापासून. जन्मतारखेला तर विचारच नाही. "माले वाटे, मी पोरं शाळामा लयी ऱ्हायनू, भलतं मोठं काम करी ऱ्हायनू," ते म्हणाले. "एक दिन वर्गमा हाजरी लिधी. सुनीता म्हणं, तं तीन पोरी उठन्यात. मंग मन्हाकडथाईन तठे ऱ्हावायनं नही." त्यांच्यानं तिथे राहवलं नाही, आणि घाई केली म्हणाले होते ती ही.

मुलगी आमच्या शेजारीच उभी होती, सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "सर, घरी मला जेमा म्हणतात."

सरांनी तिच्याकडे पाहिलं. "बारा वर्षांनी कळतंय बाळा, तेही तूच सांगितलंस," ते मराठीत म्हणाले. मी त्यांना इतकं सरळ मराठी बोलताना पहिल्यांदा ऐकलं. मुलांशी ते अजून गुरुजीच होते.

धडगावहून पुढे दुसरी जीप आणि मग चढ. दुसरी सुनीता, घरात जिला मोगी म्हणतात, अंगणात मका सोलत होती. सरांनी उभ्याउभ्या तिला सगळं सांगितलं. तुझी चूक नाही, जेमाचीही नाही, माझी आहे, आणि या ताईंची थोडी, असं म्हणाले. थोडी नव्हती. मोगी आत गेली आणि गणवेशासाठी आणलेलं पांढरं कापड घेऊन बाहेर आली. ते तिनं जेमाच्या हातात दिलं. "मला माझंच नाव दिसलं सर, म्हणून मी कागद लावले," एवढंच म्हणाली. कागदावर सही केली. तिचा स्वतःचा अर्ज अर्धवट तसाच पडला होता, त्याची मुदत संपली होती. पुढे मी संस्थेला पत्र लिहिलं, चूक आमची आहे असं स्पष्ट लिहिलं. तरी मोगीला त्या वर्षी जागा मिळाली नाही, पुढच्या वर्षी मिळाली. मधलं वर्ष तिनं शेतावर काढलं. जेमा शनिवारी दुपारी आत गेली.

सही झाल्यावर आम्ही निघायला हवं होतं. शेवटची जीप चारला खालच्या रस्त्यावरून जाते आणि साडेतीन होऊन गेले होते. तेवढ्यात मोगीनं विचारलं, "सर, आमच्या दोघींची तारीख एकच कशी? जेमा माझ्याहून मोठी आहे. ती चालायला लागली तेव्हा मी नव्हते, असं आई सांगते."

"मी लिहिली," सर म्हणाले. "कोणाला माहीत नव्हती, म्हणून."

मोगीचा बाप इतका वेळ ओट्याच्या खांबाला टेकून उभा होता. गुरुजींना त्यानं आल्याबरोबर ओळखलं होतं, पाणी दिलं होतं. आता तो पावरीत, डोंगरातल्या त्यांच्या बोलीत, बोलू लागला, शांतपणे, बोटांवर मोजत. सरांना पावरी येते. ते ऐकत होते आणि त्यांचे पाय थांबले होते. मला काही कळेना म्हणून जेमानं सांगितलं.

"बाबा म्हणतात, माहीत आहे. मोगी झाली तेव्हा मोहाची फुलं पडायला लागली होती. त्या दिवशी धडगावचा बाजार होता. होळीला पाच दिवस राहिले होते. सकाळी बाजाराला चाललेली माणसं या अंगणातून जात होती, तेव्हा झाली. शाळेवर नवे पत्रे टाकले, त्याच्या दोन वर्षं आधी." बापानं शेवटचं बोट मिटलं. "बाबा म्हणतात, तुम्ही विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं."

सर खाली बसले. बाज होती, कोणीतरी ती पुढेही ओढली, पण ते शेणानं सारवलेल्या अंगणात मांडी घालून बसले. खिशातून पेन काढलं. कागद नव्हता. माझ्या हातातल्या रिपोर्टची मागची कोरी बाजू त्यांनी घेतली आणि मोगीच्या बापाला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं. बाजार, मोह, होळीचे पाच दिवस, पत्रे. त्यांनी ते सगळं सावकाश लिहिलं, चुकलं तिथे खोडून पुन्हा लिहिलं. मग जेमाला शेजारी बसवून तिच्या घरी काय सांगतात ते विचारलं. शेजारच्या घरातली एक बाई कडेवर मूल घेऊन येऊन उभी राहिली, तर तिलाही विचारलं, तुझा मोठा माझ्याच शाळेत होता ना, तो कधीचा.

खालून जीपचा हॉर्न वाजला.

"सर, चला," मी म्हटलं. "ही शेवटची आहे. आणि कागदावरच्या तारखा आता बदलणार नाहीत. याचा काय उपयोग?"

"उपयोग काहीच नही," त्यांनी मान वर न करता म्हटलं. "इचारनं ऱ्हाई जायेल शे. तू जा."

मी उतरले. जीप मिळाली. वळणावरून वर पाहिलं तेव्हा अंगणात आणखी माणसं येऊन उभी राहिली होती, आणि मधोमध सर बसलेलेच होते.